इंदापूर-बारामतीतील गारपीट आणि नुकसानमोजणीचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. साहजिकच येथील आपत्तींचा इतिहास अवर्षणाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. १८७६-७८ चा दुष्काळ, नीरा डावा कालवा, १९७२ ची दुष्काळी कामे हे टप्पे सर्वपरिचित आहेत. हिवाळा सरताना उठणाऱ्या वादळांना त्यात फारसे स्थान नाही.

युरोप-अमेरिकेतील हिवाळी वादळे वायुभार एका दिवसात झपाट्याने घसरून उग्र होतात. दख्खनमधील प्रक्रिया निराळी आहे. पश्चिमी विक्षोभाचा द्रोण दक्षिणेकडे उतरला की वरच्या थरात थंड हवा शिरते; खाली दोन्ही समुद्रांवरून बाष्प आलेले असते आणि दुपारी जमीन तापलेली असते. मग थोड्याच वेळात उत्तुंग ढग उभा राहून गारा कोसळतात. गारांचा पट्टा अरुंद असतो. एक द्राक्षबाग झोडपली जाते, बांधापलीकडची शाबूत राहते.

फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्याच्या सुमारे २८ जिल्ह्यांत अशा गारपिटीने ज्वारी, गहू, द्राक्षे व डाळिंबांची हानी केली. बारामतीनजीक माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्या गारपिटीची कारणे आणि हानी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

नुकसान मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र जुना आहे, आणि त्याचे मूळ इंदापुरातच सापडते. प्रिंगल यांच्या जाचक आकारणीनंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये येथेच नवी पाहणी केली. प्रत्येक शेत मोजून, मातीची प्रत ठरवून ३० वर्षांसाठी सारा निश्चित झाला. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत रूढ झाली. पीक बुडाल्याचा अंदाज मात्र आणेवारीने, म्हणजे गावाच्या सरासरीने होऊ लागला. सारा वसूल करताना सरकारला शेत दिसे. सूट देताना गाव. दुष्काळात ही सरासरी निदान निभावून जाते, गारपिटीत ती मुळातच फसते.

म्हणूनच गारपिटीनंतर शेतवार पंचनाम्याचा आग्रह धरला जातो. २०१६ च्या पीक विमा योजनेने स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत दिल्यास वैयक्तिक शेताची पाहणी मान्य केली. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ती तरतूद वगळली; हंगामी पिकांची भरपाई पुन्हा पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरी उत्पन्नावर आली.