द्रोणापासून मिलिमीटरपर्यंत

हवामानाच्या उपकरणांत पर्जन्यमापकाइतके साधे दुसरे नाही. नरसाळे, बाटली आणि मोजपात्र एवढाच त्याचा संसार. त्याचा इतिहास मात्र जुना आहे आणि तो आपल्या गोदावरीकाठाला शिवून जातो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्यासाठी कोठारात एक अरत्नी, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर, तोंडाचे कुंड ठेवायला सांगितले आहे. कोणत्या देशात किती पाऊस पडतो तेही दिले आहे : अवंतीत २३ द्रोण, अपरांतात म्हणजे कोकणात अमाप, आणि अश्मकात ‘अर्धत्रयोदश’. अश्मकाची राजधानी म्हणजे नांदेडच्या शेजारचे, आता तेलंगणात असलेले बोधन, असे बरेच अभ्यासक मानतात. अर्धतृतीयाचे आपण अडीच केले. त्याच रीतीने अर्धत्रयोदश म्हणजे साडेबारा. काही भाषांतरांत साडेतेरा आढळतात, पण मला साडेबाराच पटतात. द्रोण हे धान्याचे माप. त्याने पाऊस कसा मोजायचा? कुंडाचे तोंड एकदा ठरले की पाण्याचे आकारमान सांगितले काय किंवा उंची सांगितली काय, सारखेच.

भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना या कुंडाची माहिती असणे शक्य नव्हते. अर्थशास्त्र छापले गेले १९०९ मध्ये. पुढे देशभर रुळला तो सायमन्स पर्जन्यमापक. त्याचे तोंड १२७ मिलिमीटर व्यासाचे, आणि थेंब उसळून आत जाऊ नयेत म्हणून जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच.

हे उपकरण बहुधा तहसील कचेरीत असे, तालुक्याला एखादेच. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, म्हणून जुन्या नोंदींचा माग तिकडे घ्यावा लागतो. डोंगर-जंगलाच्या अशा तालुक्यात एका गावी पाऊस कोसळतो तेव्हा दुसरे गाव कोरडे असते. पण कागदावर पाऊस कचेरीचाच!

हिशोब करून पाहा. सायमन्सच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस सेंटिमीटर, म्हणून एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १२.७ घनसेंटिमीटर पाणी. महाराष्ट्रात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि पीकहानीची मदत त्यावर ठरते. ६४ आणि ६६ यांत अंतर चहाच्या पाच चमच्यांचे.

२०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. अशा केंद्रांत बहुधा हिंदकळणाऱ्या जोडपळ्या असतात : एक भरली की कलते, दुसरी वर नरसाळ्याखाली येते, प्रत्येक कलण्याची नोंद होते. मूळ कल्पना सतराव्या शतकातल्या ख्रिस्तोफर रेनची. यात माणूस लागत नाही, हीच अडचणही आहे. सागाचे एक वाळके पान नरसाळ्यावर झाकणासारखे बसले, तर मुसळधार पावसातही यंत्र शून्यच नोंदवते. शेजारच्या शाळेत मुलांनी केलेला बाटलीचा पर्जन्यमापक असेल, तर ते त्याच दिवशी लक्षात येते.