हात टेकणारा मासा



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. अशा माणसाने माशाच्या मेंदूवर काय बोलावे, असे पत्रिका वाचून कुणाच्या मनात आले असेल. पण ह्या माशाचा इतिहास चाळताना माझाच एक जुना प्रश्न मला पुन्हा भेटला. झगडणारा जीव नेमका केव्हा हात टेकतो?

मासा जेमतेम दीड इंचाचा. डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे, म्हणून झेब्रामासा. शोभेचे मासे विकणाऱ्याकडे तो सहज मिळतो. मूळचा मात्र आपल्याच उपखंडातला. कंपनी सरकारच्या चाकरीत राहिलेले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात १८२२ साली ह्याची पहिली नोंद झाली. नमुना होता कोसी नदीचा. शास्त्रीय नावातील ‘डॅनियो’ हा शब्द भातशेतीशी निगडित अशा बंगाली शब्दावरून आला, असे सांगतात.

भातखाचरातल्या ह्या जीवाला मेंदूच्या अभ्यासात आणले ते जॉर्ज स्ट्राइसिंगर ह्यांनी. जन्म १९२७, बुडापेस्ट. घर ज्यूंचे, त्यामुळे नाझींच्या सावटाखाली कुटुंबाला अमेरिका गाठावी लागली. जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासात त्यांनी नाव कमावले होते आणि १९६० साली ते ओरेगॉन विद्यापीठात गेले. तिथे मानमरातबाचा चालू धंदा बाजूला ठेवून ते ह्या माशाकडे वळले. आनुवंशिकतेच्या वाटेने मज्जासंस्था उलगडावी, हा त्यांचा हेतू. माशाची अंडी आईच्या पोटाबाहेर वाढतात आणि काचेसारखी पारदर्शक असतात. एका दिवसात आत काळजाचे ठोके दिसतात. पाचव्या दिवशी पिल्लू पोहत भक्ष्याच्या मागे लागते.

पुढे वर्षामागून वर्षे गेली. सांगण्यासारखे यश १९८१ साली पदरात पडले. नराच्या बीजातील आनुवंशिक द्रव्य अतिनील किरणांनी निकामी करायचे, मग अंड्याला उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का देऊन आईचाच वाटा दुप्पट करायचा. त्यातून एकसारख्या माशांची घराणी निर्माण झाली आणि पिढ्यान् पिढ्या दडून राहणारे दोष चटकन उघड होऊ लागले. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात हाच गृहस्थ उभा होता, हे वाचून मला त्यांच्याविषयी जरा अधिकच जवळीक वाटली. १९८४ साली पाणबुडीचा छंद करताना त्यांचा अंत झाला. वय ५६, माझ्याच आसपासचे.

१९९६ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन आणि अमेरिकेतील बॉस्टन येथून ह्या माशाच्या हजारो दोषयुक्त वाणांची माहिती एकदम प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या हट्टाचे चीज झाले.

पण मला सांगायचे आहे ते ह्यापुढचे. पूर्वी मेंदूत सुई घालून एकेका पेशीचे बोलणे ऐकावे लागे. गेटसभेत एका कामगाराच्या तोंडापुढे ध्वनिक्षेपक धरून साऱ्या संपाचा अंदाज बांधावा, तशातला तो प्रकार. ह्या पिल्लाच्या मेंदूत सुमारे एक लाख चेतापेशी. २०१३ साली व्हर्जिनियातील जनेलिया संशोधन केंद्रात मिशा आरेन्स आणि फिलिप केलर ह्यांनी त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक पेशींची लगबग जिवंत पिल्लात टिपली. पेशी जागी झाली की चमकावी, अशी योजना पिल्लाच्या अंगातच केलेली होती.

तिथलाच २०१९ सालचा एक प्रयोग. पिल्लू एका जागी खिळवलेले, अंगही लुळे केलेले. पोहण्याचे मज्जातंतूंतले संदेश तेवढे यंत्र टिपते. समोर पट्टे सरकतात. पोहण्याचा संदेश निघाला की पट्टे त्याप्रमाणे हलतात आणि पिल्लाला आपण पुढे गेलोसे वाटते. मग दगा केला. कितीही जोर केला तरी पट्ट्यांवर त्याचा काही परिणाम होईना. पिल्लाने आधी जास्तच धडपड केली, आणि थोड्याच वेळात ते स्वस्थ झाले. वाचताना मला वाईट वाटले, ते लपवीत नाही.

एका संपात बेचाळीस दिवस बसून माणसे कामावर परतली, तेव्हा मी त्यांना भ्याड म्हणालो होतो. माणूस म्हणजे मासा नव्हे, हे मला कळते. तरीही प्रयोगात काय दिसले ते ऐका. फसलेल्या प्रयत्नांचा हिशेब ठेवीत होत्या त्या चेतापेशी नव्हेत. चेतापेशींना नुसता आधार देणाऱ्या म्हणून ज्यांना कुणी फारसे विचारीत नसे, त्या तारकापेशी हे काम करीत होत्या. प्रत्येक अपयशाची वर्दी त्यांच्याकडे येई, ती साचत जाई आणि मग त्या पोहणे थांबवीत. ज्या पिल्लांच्या ह्या पेशी लेसरने निकामी केल्या, त्यांचे असे स्वस्थ होणे कमी झाले. ज्यांच्या शाबूत होत्या, ती काही काळ निपचित राहून पुन्हा पोहू लागली.