पणजीचा मांडवी किनारा : ग्रंथालय, सांस्कृतिक संस्था आणि सार्वजनिक अवकाश

प्रास्ताविक

नदीकाठच्या शहरांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा अलीकडे बहुधा सुशोभीकरणापाशी येऊन थांबते. पदपथ, दिवे, बाकडी आणि बगीचे एवढ्यांची सोय झाली की किनारा नागरिकांना परत मिळाला, असे गृहीत धरले जाते. पणजी शहराचा इतिहास या गृहीतकाविषयी शंका उत्पन्न करतो. मांडवीच्या काठी जी वर्दळ निर्माण झाली, तिचे कारण तेथील देखावा हे नव्हते. नागरिकांना रोज तेथे जावे लागे, अशा संस्था किनाऱ्यावर व त्याच्या लगत होत्या. या संस्थांची स्थापना, त्यांचे स्थलांतर आणि त्यानंतरची किनाऱ्याची अवस्था यांचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे. ग्रंथालय आणि कला अकादमी या दोन संस्थांवर त्यात विशेष भर आहे.

दलदलीतून राजधानीकडे

पणजीच्या परिसराची मूळ घडण पाण्याने ठरविलेली होती. गोमंतकातील खाजण जमिनी म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेते. बांधाची दुरुस्ती, ‘मानस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झडपेतून पाण्याचे नियमन आणि त्यासाठी लागणारे श्रम यांची व्यवस्था गावकरी संस्था पाहत असे. पाण्याच्या कडेची जमीन ही सामूहिक जबाबदारी आहे, ही जाणीव या व्यवस्थेत अंतर्भूत होती. सतराव्या शतकात काउंट लिन्यारेस या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत पणजी व रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांधीव मार्ग उभा राहिला. खाजणे आणि मिठागरे यांमधून गेलेल्या या मार्गामुळे पणजी जुन्या गोव्याच्या निकट आली.

१७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्यात आले. तथापि नियोजित शहराचे रूप पणजीस प्राप्त झाले ते दोम मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२६ ते १८३५ या काळात. दलदली बुजविणे, रस्ते आखणे, बराकी व शासकीय इमारती उभारणे ही कामे या वर्षांत झाली. नदीकाठच्या कांपाल भागाचे नावही ‘कांपो द दोम मानुएल’ या संज्ञेवरूनच आले आहे. १८४३ मध्ये ‘नोव्हा गोवा’ या नावाने पणजीस अधिकृत राजधानीचा दर्जा मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी वैद्यकीय विद्यालयाची स्थापना झाली होती. कालांतराने शासन, रुग्णालय व शिक्षण ही तिन्ही अंगे मांडवीच्या काठी एकवटली.

सार्वजनिक ग्रंथालयाची वाटचाल

भरावाची कामे चालू असतानाच, १८३२ मध्ये, याच दोम मानुएल यांनी लष्करी अकादमीच्या आश्रयाने ‘पुब्लिका लिव्हरारिया’ हे ग्रंथालय सुरू केले, ही बाब लक्षणीय आहे. आशियातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांमध्ये त्याची गणना होते. पुढे १८३४-३५ च्या सुमारास धर्मसंघ बरखास्त करण्यात आले आणि त्यांच्या मठांतील ग्रंथ या संग्रहात दाखल झाले. मठांच्या भिंतींआड राहिलेली ज्ञानसामग्री अशा रीतीने नागरी संस्थेकडे आली.

येथे ‘सार्वजनिक’ या शब्दाची मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. पोर्तुगीज व लॅटिन ग्रंथांचे प्राबल्य असलेल्या या संग्रहाचा लाभ त्या भाषा जाणणाऱ्या वर्गापुरताच सीमित राहणे स्वाभाविक होते. मराठी वाचणारा मोठा समाज या दालनाबाहेरच होता. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदू समाजास धार्मिक व नागरी समानतेचा अवकाश मिळाला आणि १९११ मध्ये मडगाव येथे ‘गोमंत विद्या निकेतन’सारखी संस्था उदयास आली. शासनाने उभारलेले ग्रंथालय आणि समाजाने स्वबळावर उभारलेली वाचनसंस्कृती असे दोन प्रवाह त्यानंतर समांतर वाहत राहिले.

१९२५ मध्ये हे ग्रंथालय वास्को द गामा संस्थेशी जोडले गेले. आझाद मैदानासमोरच्या या वास्तूच्या प्रवेशदालनात १९३५ मध्ये जोर्ज कुलासो यांची निळी चित्रफरशी बसविण्यात आली. कामोइशच्या महाकाव्यातील प्रसंग रेखाटणारी ही चित्रे साम्राज्याच्या आत्मगौरवाचे निदर्शक होत. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, या संस्थेस लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये वसाहतविषयक कायद्यास विधिमंडळात विरोध करणाऱ्या पत्रकाराचे नाव वास्तूस आणि साम्राज्याची चित्रे भिंतीवर, असा हा योग आहे. चित्रे पुसली गेली नाहीत. मात्र त्यांच्याखालून जाणारा वाचक बदलला. मराठी, कोंकणी, हिंदी व इंग्रजी ग्रंथांची भर पडत गेली आणि ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ विस्तारला.

ग्रंथालयाचे स्थलांतर

१९९३ च्या गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यातील ग्रंथालय व्यवस्थेस वैधानिक आधार दिला. वाढत्या संग्रहास जुनी वास्तू अपुरी पडू लागल्याने २०१२ मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय पाटो येथील संस्कृती भवनात गेले. ओरेम खाडीच्या पलीकडचा हा भाग लिन्यारेसच्या मार्गालगतच्या पाणथळ जमिनीवर विकसित झालेला आहे. बालविभाग, वृत्तपत्र विभाग, गोमंतकविषयक व दुर्मिळ ग्रंथांचे विभाग आणि कलादालन यांमुळे ग्रंथालयास सामाजिक केंद्राचे स्वरूप आले.

ग्रंथालयास कृष्णदास शामा यांचे नाव देण्यात आले आहे. १५२६ मध्ये ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ रचणाऱ्या या कवीची मराठी रचना रोमन लिपीतील हस्तलिखिताच्या रूपाने पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात टिकून राहिली. ज्याची रचना मायभूमीत न राहता परदेशातील ग्रंथालयात जतन झाली, त्याच्याच नावाने आज गोमंतकीय ग्रंथालय ओळखले जावे, यात ग्रंथालयाच्या प्रयोजनाचाच आशय सामावला आहे.

कला अकादमी : नदीकडे नेणारी वास्तू

कला अकादमीची स्थापना १९७० मध्ये झाली. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली तिची कांपाल येथील वास्तू १९८३ मध्ये पूर्ण झाली. दीनानाथ मंगेशकर कलामंदिर व खुले नाट्यगृह ही तिची प्रमुख अंगे होत. तथापि तिचे खरे वैशिष्ट्य अन्यत्र आहे. ही बैठी वास्तू नदी अडवीत नाही. रस्त्यावरून आत शिरणारा माणूस छताखालच्या मोकळ्या जागेतून थेट मांडवीच्या काठी पोहोचतो आणि त्यासाठी त्यास प्रयोगाचे तिकीट घ्यावे लागत नाही. नाटकाचा प्रेक्षक, संगीताचा विद्यार्थी आणि केवळ वारा खाण्यास आलेला वृद्ध हे सर्व एकाच अवकाशात वावरत.

२०१९ मध्ये खुले नाट्यगृह पाडण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला. २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी वास्तू बंद झाली. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छत कोसळले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा खुली झाली. कामाच्या दर्जाविषयी कलावंतांनी घेतलेले आक्षेप हा वादाचा एक भाग होय. परंतु या काळात शहराने नाट्यगृहाबरोबर नदीकडे जाणारी आपली वाटही गमावली होती, हे अधिक मूलगामी आहे.

किनाऱ्याचे रिकामेपण

गेल्या काही दशकांतील स्थित्यंतरांकडे एकत्रितपणे पाहिल्यास एक सूत्र दिसते. वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीस गेले, विधानसभा २००० मध्ये पर्वरीस गेली आणि मध्यवर्ती ग्रंथालय पाटोस गेले. यांतील प्रत्येक स्थलांतरास जागेच्या अपुरेपणाचे सबळ कारण होते. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला की, सामान्य माणसाची नदीकाठी येण्याची दैनंदिन कारणे एकामागून एक संपली. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीस नवे जीवन दिले, हे खरे. पण महोत्सव वर्षातून काही दिवसच असतो. नदीच्या पात्रात मात्र कॅसिनोंची जहाजे नांगरली गेली. त्यांचा प्रकाश सर्वांना दिसतो, प्रवेश मात्र ज्याच्या खिशास परवडतो त्यालाच मिळतो.

निष्कर्ष

पणजीच्या उदाहरणावरून किनाऱ्याच्या पुनरुज्जीवनाची कसोटी निश्चित करता येते. वर्षभर, विनामूल्य आणि कारण न विचारता जेथे प्रवेश मिळतो, अशा किती संस्था पाण्याच्या काठी आहेत, हा पहिला प्रश्न असावयास हवा. ग्रंथालय या कसोटीस सर्वाधिक उतरते, कारण तेथे येणाऱ्यास काहीही विकत घ्यावे लागत नाही. मध्यवर्ती ग्रंथालय पुन्हा जुन्या वास्तूत आणणे व्यवहार्य नाही, आवश्यकही नाही. मात्र मांडवीकाठच्या ज्या जुन्या शासकीय वास्तूंचे मूळ प्रयोजन संपले आहे, त्यांपैकी एखादीत वाचनकक्ष व बालविभाग असलेली शाखा सुरू करणे अशक्य नाही. खाजणाचा बांध गावाने मिळून राखला म्हणूनच टिकला. शहराच्या किनाऱ्यासही हाच न्याय लागू पडतो : ज्याचा रोज वापर होतो, त्याचेच रक्षण समाज करतो.