गवत, दगड आणि लोखंड : पेरूमधील पुलांची गोष्ट

एक प्रश्न वर्गात विचारून पाहण्याजोगा आहे. एक पूल गवताचा, दुसरा दगडाचा आणि तिसरा लोखंडाचा. यांपैकी सर्वांत जास्त काळ कोणता टिकेल? बहुतेक मुले दगड किंवा लोखंड असे उत्तर देतील. गवताचे नाव घेतल्यावर हशा पिकेल. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात मात्र हे तिन्ही प्रकारचे पूल बांधले गेले आणि त्यांचा इतिहास या उत्तराशी फारसा जुळत नाही. तो इतिहास तपासून पाहिला तर पूल म्हणजे काय, याचाच थोडा निराळा अर्थ आपल्या हाती लागतो.

प्रथम पेरूची भूमी लक्षात घेऊ. पश्चिमेला पॅसिफिक महासागराच्या कडेने वाळवंटाची अरुंद पट्टी, तिच्यामागे अँडीज पर्वताच्या रांगा आणि पलीकडे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील अरण्य. राजधानी लिमामधून वाहणारी रिमाक नदी सुमारे १६० किलोमीटरच्या प्रवासात अँडीजच्या माथ्यावरून थेट समुद्रसपाटीला येते. इतक्या उतारावरून येणारे पाणी शांत असणे शक्य नाही. डोंगरात जोराचा पाऊस झाला की चिखल, दगड आणि पाणी यांचा लोंढा घळींमधून खाली कोसळतो. त्याला तिथे ‘हुआइको’ म्हणतात. पेरूमध्ये पूल बांधणाऱ्या प्रत्येकाला या हुआइकोशी गाठ घालावीच लागते.

गवताचे दोर

इंका लोकांचे साम्राज्य पंधराव्या शतकात भरभराटीला आले. त्यांच्या रस्त्यांचे जाळे सुमारे ३०,००० किलोमीटरचे होते. २०१४ साली युनेस्कोने या रस्त्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. इंकांकडे चाकाची वाहने नव्हती, लोखंड नव्हते आणि खऱ्या अर्थाची दगडी कमानही त्यांनी वापरली नाही. रस्त्यांवरून जात ती माणसे आणि ओझी वाहणारे लामा. खोल दऱ्या ओलांडण्यासाठी त्यांनी झुलते पूल बांधले, तेही गवत आणि इतर वनस्पतींच्या धाग्यांपासून वळलेल्या दोरांचे.

वीतभर-हातभर लांबीच्या गवताच्या काड्यांपासून दरी ओलांडणारा दोर कसा होतो? याचे रहस्य पिळात आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो. दोराचे बळ खरोखरच त्या पिळात असते. काड्या एकत्र पिळल्या की त्या एकमेकींना दाबून धरतात. दोर ओढला की हा दाब वाढतो, दाब वाढला की घर्षण वाढते आणि काडी काडीवरून सरकू शकत नाही. दोन पेड एका दिशेने पिळून मग ते एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळले, की प्रत्येक पेडाची उलगडण्याची ओढ दुसऱ्याला घट्ट करते. आपल्याकडे काथ्याची दोरी किंवा चऱ्हाट वळणारे कारागीर नेमके हेच करतात.

अशा दोरांचा आणखी एक गुण आहे. त्यातली एखादी काडी तुटली तर तिचा भार शेजारच्या काड्या उचलतात. दोर एकाएकी दगा देत नाही. आधी त्याचे धागे सुटू लागतात, तो पिंजारतो, आणि पाहणाऱ्याला इशारा मिळतो.

आपुरिमाक नदीवरचा इंकांचा मोठा पूल सर्वांत प्रसिद्ध होता. ‘आपुरिमाक’ या केचुआ भाषेतील नावाचा अर्थ ‘बोलणारा देव’ असा सांगतात. घळीत घुमणारा पाण्याचा आवाज ऐकूनच हे नाव पडले असावे. एकोणिसाव्या शतकात एफ्रेम स्क्वायर या अमेरिकन प्रवाशाने हा पूल मोजला. त्याची लांबी सुमारे ४५ मीटर आणि पाण्यापासूनची उंची सुमारे ३५ मीटर भरली. तुलनेसाठी सांगायचे, तर रोमन लोकांनी स्पेनमध्ये बांधलेल्या प्रसिद्ध आल्कान्तारा पुलाची सर्वांत रुंद कमान ३० मीटरांहून थोडी कमीच आहे. थॉर्नटन वाइल्डर यांच्या १९२७ सालच्या कादंबरीत जो पूल कोसळतो, त्याची कल्पना आपुरिमाकच्या याच पुलावरून सुचली असे मानले जाते.

झोळ का हवा?

झुलत्या पुलाचे चित्र पाहिले की तो मधोमध खाली झुकलेला दिसतो. हा झोळ म्हणजे बांधणाऱ्यांचा ढिलेपणा नव्हे. पुलावरचा भार लांबीवर सारखा पसरलेला आहे असे मानले, तर दोरातील आडवा ताण काढण्याचे सूत्र सोपे आहे. एकूण भाराला पुलाच्या लांबीने गुणायचे आणि त्याला झोळाच्या आठपटीने भागायचे.

समजा, पुलाची लांबी २८ मीटर आहे आणि पूल व त्यावरची माणसे मिळून भार २ टन आहे. झोळ २.८ मीटर ठेवला तर ताण २.५ टन येतो. तोच झोळ निम्मा, म्हणजे १.४ मीटर केला, तर ताण दुप्पट म्हणजे ५ टन होतो. झोळ शून्यावर आणायचा म्हटले तर ताण अनंत व्हावा लागेल. याचाच अर्थ असा, की भार असलेला दोर पूर्ण सरळ ताणणे अशक्य आहे.

हे वर्गात सहज दाखवता येते. दोन दणकट विद्यार्थ्यांच्या हाती दोरीची दोन टोके द्यावीत, मध्ये दप्तर अडकवावे आणि ‘दोरी सरळ करून दाखवा’ असे सांगावे. कितीही जोर लावला तरी ते जमणार नाही. चढउताराची थोडी गैरसोय सोसून दोरावरचा ताण कमी ठेवायचा, हा व्यवहार इंका कारागिरांना अनुभवाने कळला होता. सूत्र आपण नंतर लिहिले.

दगडाची कमान

स्पॅनिश लोकांनी १५३० च्या दशकात इंका साम्राज्य जिंकले. हे झुलते पूल पाहून ते चकित झाले आणि घाबरलेही. त्यांना ओळखीचा होता तो दगडी कमानीचा पूल. लिमामध्ये रिमाक नदीवर त्यांनी बांधलेला असा पूल १६१० साली पूर्ण झाला. ‘पुएन्ते दे पिएद्रा’, म्हणजे सरळ सरळ ‘दगडी पूल’, हे त्याचे नाव. १७४६ च्या भीषण भूकंपात लिमा शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले, पण पूल राहिला. तो आजही उभा आहे.

कमानीचे तत्त्व दोराच्या बरोबर उलट. दोराला फक्त ताण सोसतो, तर दगडाला दाब सोसतो पण ताण सोसत नाही. म्हणून झोळ पडलेल्या दोराचा आकार उलटा केला की कमानीसाठी योग्य आकार मिळतो. परंतु कमानीची एक अडचण आहे. माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तोवर तिला खालून लाकडी आधार द्यावा लागतो. लिमाजवळ नदीचे पात्र रुंद आहे, तिथे ते जमले. आपुरिमाकसारख्या खोल, खवळलेल्या घळीत असा आधार उभा करायचा कशावर? स्पॅनिश राजवटीत तिथे दगडी पुलाचे प्रयत्न झाले, पण ते सिद्धीस गेले नाहीत. दोराच्या पुलाला खालून आधाराची गरजच नव्हती. एक बारीक दोरी पलीकडे पोचली की तिच्यामागून जाड दोर ओढून नेता येत. त्यामुळे जेत्यांनाही पुढची तीन शतके गवताच्या पुलांवरूनच दऱ्या ओलांडाव्या लागल्या.

लोखंड आणि एका विद्यार्थ्याचे नाव

एकोणिसाव्या शतकात लोखंड आले. कायाओ बंदरापासून अँडीज चढून जाणाऱ्या लोहमार्गाचे काम १८७० मध्ये सुरू झाले. अमेरिकन कंत्राटदार हेन्री मेग्ज आणि पोलिश अभियंता अर्नेस्ट मालिनोव्स्की यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. या मार्गावर वेरुगास घळीवर बांधलेला लोखंडी पूल त्या काळच्या जगातील सर्वांत उंच पुलांमध्ये गणला जाई. त्याची लांबी सुमारे १७५ मीटर होती आणि मधला खांब पाऊणशे मीटरांहून उंच होता.

मार्च १८८९ मध्ये घळीतून हुआइको आला आणि मधला खांब घेऊन गेला. सतरा वर्षेही झाली नव्हती. लोखंड गंजले नव्हते की तुटले नव्हते, चूक खांबाच्या जागेत होती. पुढे नवा पूल बांधताना रचना बदलण्यात आली आणि प्रवाहाच्या वाटेत मधोमध खांब ठेवला नाही. १९३० च्या दशकात तोही पूल बदलला गेला.

या पुलाचे आजचे नाव आहे ‘कारियोन पूल’. त्याची हकीकत विज्ञान शिकवणाऱ्यांना ठाऊक असावी अशी आहे. लोहमार्गाच्या कामावर मजुरांमध्ये जीवघेण्या तापाची साथ पसरली आणि असंख्य मजूर दगावले. त्याच दऱ्यांमध्ये अंगावर लाल चामखिळींसारख्या गाठी येणारा दुसरा एक रोगही होता. दोन्ही रोग एकच आहेत का, हे कोणाला ठाऊक नव्हते. दानिएल आल्सिदेस कारियोन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १८८५ मध्ये एका रुग्णाच्या गाठीतील द्रव स्वतःला टोचून घेतला. काही आठवड्यांत त्याला तो ताप आला आणि ५ ऑक्टोबर १८८५ रोजी तो मरण पावला. रोग एकच आहे हे त्याने दाखवून दिले, त्या वेळी त्याचे वय अवघे २८ होते. पुलाच्या खर्चात लोखंड आणि मजुरी यांखेरीज आणखी काय काय धरावे लागते, याची आठवण हे नाव करून देते.

२०१७ आणि २०२१

विसाव्या आणि एकविसाव्या शतकात पेरूमध्ये पोलाद आणि काँक्रीटचे अनेक पूल झाले. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील पुएर्तो माल्दोनादो येथे माद्रे दे दिओस नदीवरचा ७२२ मीटर लांबीचा पूल २०११ मध्ये खुला झाला. तोही झुलता पूलच आहे. गवताच्या जागी पोलादाचे दोर आले, तत्त्व तेच राहिले.

नवे सामान आले म्हणून धोका मात्र संपला नाही. मार्च २०१७ मध्ये अतिवृष्टीने रिमाक नदीला पूर आला, तेव्हा लिमामधील पोलादी दोरांचा एक पादचारी पूल नदीत कोसळला. तो बांधून जेमतेम सात-एक वर्षे झाली होती. पुराच्या पाण्याने त्याच्या एका टोकाचा पाया उकरला होता. दोर शाबूत होते, पण ते ज्या जमिनीला बांधले होते तीच खचली. त्याच नदीवरचा १६१० सालचा दगडी पूल त्या पुरातही टिकला.

आता पुन्हा गवताकडे येऊ. कुस्को प्रांतात आपुरिमाकच्याच वरच्या भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, केस्वाचाका नावाचा एक गवती पूल अजून आहे. त्याची लांबी सुमारे २८ मीटर आहे. दर जून महिन्यात आसपासच्या चार वस्त्यांतील लोक तो नव्याने बांधतात. ‘कोया’ नावाचे चिवट गवत कापून, भिजवून, ठेचून मऊ केले जाते. घराघरांतून बारीक दोऱ्या वळून आणल्या जातात. त्या पिळून जाड दोर, आणि जाड दोरांची वेणी घालून मुख्य दोर तयार होतात. पायाखाली चार आणि हातांशी दोन असे सहा मुख्य दोर दगडी बुंध्यांना बांधले जातात. जुना पूल कापून नदीत सोडतात. गवतच ते, कुजून जाते. तीन-चार दिवसांत पूल उभा राहतो आणि गावजेवणाने सांगता होते. २०१३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

२०२० साली कोरोनाच्या साथीमुळे हे काम झाले नाही. मार्च २०२१ मध्ये पूल तुटून पडला. पाचशे वर्षांची परंपरा सांगणारा पूल एका वर्षाच्या खंडाने कोसळला, हे ऐकून प्रथम वाटते की गवत ते गवतच. पण पुढे काय झाले? त्याच जूनमध्ये लोक पुन्हा जमले, गवत कापले, दोर वळले आणि पूल बांधला. बाहेरून ना सामान आणावे लागले, ना तज्ज्ञ.

आता जवळच मोटारींसाठी आधुनिक पूल आहे. मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. आम्हाला वाटते, हाच प्रश्न मुलांपुढे ठेवावा. गवताचा पूल बांधणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मान्य केली होती, की आपले सामान कमजोर आहे आणि ते एका-दोन वर्षांत कुजणार. म्हणून त्यांनी दुरुस्तीची तारीखच ठरवून टाकली, ती सणासारखी पाळली आणि प्रत्येक घराला त्यात वाटा दिला. त्यामुळे दोर वळण्याची विद्या प्रत्येक पिढीच्या हातात उतरली. दगड आणि लोखंड आपल्याला ही काळजी विसरायला लावतात. पूल मजबूत आहे असे म्हणत आपण पाठ फिरवतो आणि पाया पाण्याखाली उकरला जात असतो.

सुरुवातीच्या प्रश्नाला त्यामुळे एका शब्दात उत्तर देता येत नाही. लिमाचा दगड चारशे वर्षे टिकला, वेरुगासचे लोखंड सतरा वर्षेही टिकले नाही आणि केस्वाचाकाचे गवत दर वर्षी नवे होऊन शतके टिकले. मुलांना तो प्रश्न विचारून झाला की आणखी एक काम द्यावे. आपल्या गावातल्या पुलापाशी जाऊन यावे. तो कधी बांधला, त्याचा पाया शेवटचा कोणी आणि केव्हा तपासला, हे ग्रामपंचायतीत किंवा बांधकाम खात्यात विचारून वहीत लिहावे. उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले तर तेही वहीत लिहावे आणि पुढच्या वर्षी नव्या वर्गाने पुन्हा विचारावे.