तळटीप : पॅलंटीर

३. पॅलंटीर : पीटर थील व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेत स्थापलेली माहिती-विश्लेषण कंपनी. तिची 'गॉथम' ही प्रणाली लष्कर, गुप्तचर व पोलीस खात्यांसाठी, तर 'फाउंड्री' मुख्यतः उद्योगांसाठी. खात्याखात्यांत विखुरलेल्या नोंदी जोडून त्यांतले संबंध दाखवणे हे तिचे काम. खडकी (स्थापना १६१०, आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवणाऱ्या मलिक अंबरवरील प्रकरणात लेखकाने पॅलंटीरचे नाव घेतले, ते योग्यच; कारण अंबरचा कारभारही नोंदींवर उभा होता. त्याने शेतसाऱ्याचा मक्ता देण्याची पद्धत मोडली आणि जमिनीचा कस व पीक पाहून आकारणी केली. पण त्या आकारणीच्या नोंदी लिहिणारा कुलकर्णी गावातच राही. त्याच्या दारी जाऊन विचारता येई. आपली कोणती नोंद कशाला जोडली गेली, हे आज त्या नोंदीच्या धन्यालाच सहसा कळत नाही. — संपा.