इंदापूरची साखळी आणि आजचा सातबारा

इंदापूर तालुक्याच्या जमिनीचा इतिहास सांगायचा तर तो राजेरजवाड्यांपासून सुरू न करता एका लोखंडी साखळीपासून सुरू करावा लागतो. ही साखळी तेहेतीस फुटांची. तिने चारी बाजूंनी मापलेला तुकडा म्हणजे आपला गुंठा. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे. गावातल्या प्रत्येक घरात ज्या कागदावरून कधी ना कधी बोलाचाली झालेली असते, त्या कागदाचा पाया त्यात आहे.

आज सातबारा मोबाईलवर निघतो. तेव्हा लोकांना वाटते की सरकारी कामाची रीत आत्ताच कुठे बदलू लागली. वस्तुस्थिती अशी नाही. आपल्या मुलखात ही रीत मुळापासून बदलण्याचा पहिला मोठा प्रयोग 1836 साली, याच इंदापुरात झाला. आणि तो झाला एका फसलेल्या प्रयोगाच्या पाठीवर.

पेशवाई 1818 मध्ये बुडाली. एल्फिन्स्टनने दख्खनचा कारभार हाती घेतला, तेव्हा त्याने जुनी वहिवाट शक्यतो मोडायची नाही असे धोरण ठेवले. वसुली पाटील-कुलकर्ण्यांमार्फतच होत राहिली. गावाची सारी लिखापढी मोडीत, कुलकर्ण्याच्या दफ्तरात. कुणाच्या नावावर किती सारा बसला आहे हे त्या दफ्तरालाच ठाऊक. कागदावर सारा भारी लिहायचा, पीक बुडाले की सूट द्यायची, अशी रीत पडली होती. वरवर पाहता ही दया वाटते. पण सूट किती द्यायची हे ठरवणारा माणूस कोण? त्याची मर्जी राखल्याखेरीज सूट कशी मिळणार? भारी आकारणी आणि दरसालची सूट या दोहोंच्या मधल्या जागेत मधल्या माणसांचे चांगले पोट भरत असे.

यावर उपाय म्हणून पुण्याचा असिस्टंट कलेक्टर रॉबर्ट कीथ प्रिंगल याने 1828 च्या सुमारास मोजणी सुरू केली. प्रिंगल हुशार. इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात तो माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकला होता. त्याचा हिशेब शास्त्रशुद्ध होता: शेतात किती पिकते ते काढायचे, बैल, बी, मजुरी यांचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा 55 सरकारने घ्यायचे. पण हा हिशेब प्रत्येक प्रकारच्या जमिनीचा मांडायचा म्हणजे शेकडो कारकुनांनी गावोगाव हिंडून माहिती गोळा करायची. ज्याने हात ओला केला त्याची काळी जमीन कागदावर बरड झाली, ज्याने नाही केला त्याची बरड जमीन काळी झाली. भर म्हणून धान्याचे भाव पडले. सारा झेपेना. इंदापुरात माणसे जमिनी टाकून निघून गेली आणि रानेच्या रानेच पडीक पडली.

माझ्या मते प्रिंगलची चूक गणितात नव्हती. कामाची जुनी वाट तशीच ठेवून तिच्यावर त्याने नवे, अवघड गणित लादले. ज्या हातांवर त्याचा विश्वास नव्हता, त्याच हातांत त्याने आणखी अधिकार दिले.

मग गोल्डस्मिड नावाचा असिस्टंट कलेक्टर आणि इंजिनिअर खात्यातला लेफ्टनंट विंगेट हे दोघे कामाला लागले. लेफ्टनंट नॅश त्यांच्या जोडीला होता. प्रिंगलची मोजणी त्यांनी तपासून घेतली व जिथे ती चालण्यासारखी होती तिथे ठेवली. बदलली ती पद्धत. निव्वळ उत्पन्नाचा काथ्याकूट त्यांनी सोडून दिला. जमिनीची माती खोल किती, तिच्यात चुनखडी, वाळू, पाणी धरणे असे दोष कोणते, एवढे पाहून प्रतवारी लावली. उत्तम जमीन सोळा आणे, मग उतरत उतरत अगदी हलकी जमीन दोन आणे. हे कुदळ मारून कुणालाही पडताळता येते. एका बैलजोडीला वाहता येईल एवढ्या क्षेत्राचा एक सर्व्हे नंबर धरला, त्याच्या हद्दीवर दगड आणि बांध घातले, आणि सारा त्या नंबरावर बसवला. तोही हलका, आणि तीस वर्षांसाठी कायम. मध्ये कुणी विहीर खणली, बांध घातला तरी त्यापायी सारा वाढणार नाही. शेतकऱ्याने वाटल्यास राजीनामा देऊन नंबर सोडावा, वाटल्यास कबुलायत देऊन नवा घ्यावा.

सारा आधीच हलका असल्यामुळे दरसाल सूट मागण्याचे कारण संपले, आणि सूट संपल्यावर सूट देणाऱ्याची मर्जीही संपली. थोड्याच वर्षांत पडीक राने पुन्हा लागवडीखाली आली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती बारामतीच्या वाटेवर घडली. तीस वर्षे संपताच 1867 मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली व सारा चांगलाच वाढला. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव तोवर कोसळले होते. जमिनीला बाजारात किंमत आली होती, म्हणून सावकार तिच्यावर कर्ज देत होता; आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याने ती ताब्यातही घेत होता. 12 मे 1875 रोजी सुपे येथे दंगा उसळला. सुपे त्या वेळी भिमथडी तालुक्यात होते, आज बारामतीत आहे. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे बाहेर काढून जाळली. ज्याला वाचता येत नाही त्याच्या गळ्याला कागदाचा फास बसला की तो कागदालाच काडी लावतो.

सरकारने चौकशी नेमली आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात शेतकऱ्याचे दस्त गावच्या रजिस्ट्रारासमोर करावेत व त्याला समजावून सांगावेत अशी तरतूद होती. नुसत्या अंगठ्यावर भागेना, म्हणून कामाच्या वाटेत एक पायरी मुद्दाम वाढवली. सुधारणा म्हणजे दर वेळी पायऱ्या कमी करणेच असते असे नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. 1903 मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे तिच्यात पीक काय, सहा म्हणजे फेरफाराची वही. सात आणि बारा एका कागदावर आले, तो सातबारा. कुलकर्णी वतने 1951 मध्ये गेली आणि पगारी तलाठी आले. 1966 च्या जमीन महसूल संहितेने आजची रीत घालून दिली.

त्या रीतीत अडचण होती ती दोन कचेऱ्यांच्या मधल्या रस्त्यावर. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे व्हायचे, नोंद तलाठ्याकडे. मधले हेलपाटे शेतकऱ्याचे. ई-फेरफारने हा रस्ता बुजवला. दस्त नोंदला की त्याची माहिती तारेवरून तहसीलात जाते आणि फेरफार तिथेच तयार होतो. मात्र संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, हे सारे तसेच ठेवले आहे. ते योग्यच आहे. चावडीवर नोटीस लागते म्हणून एखाद्या बहिणीला कळते की भावांनी आपले नाव वगळून वारसनोंद घातली आहे. तो वेळ यंत्राच्या घाईत गेला असता तर तिची जमीनही गेली असती.

डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, त्यासाठी कुणाची सही मागावी लागत नाही. पण जुन्या हस्तलिखितातली चूक टंकताना तशीच उतरली असेल, तर आता ती सहीशिक्क्यानिशी उतरते! म्हणूनच संगणकावरचे उतारे पक्के करण्याआधी गावोगाव चावडीवाचन घेतले गेले. त्या दिवशी जो हजर राहिला नाही, त्याला लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो.

नकाशाचे दुखणे अजून वेगळे. सातबारा महसूल खात्याचा, नकाशा भूमी अभिलेखचा. विंगेटच्या काळचा एक नंबर, त्याचे भाऊवाटणीत पाच तुकडे झाले. उताऱ्यावर पाच नावे आली, पण नकाशावर कित्येकदा पोटहिस्स्याची रेघ पडलेलीच नाही. बांधावरची भांडणे तिथे उगवतात. इंदापूरचे काही नंबर तर 1980 पासून उजनीच्या पाण्याखाली आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि म्हातारी माणसे आपले रान कुठे होते ते बोटाने दाखवतात.

राहता राहिला नमुना बारा. पीक कोणते हे पूर्वी तलाठी लिहीत. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि ते काम शेतकऱ्याच्या हाती आले. आपल्या बांधावर उभे राहून, पिकाचा फोटो काढून त्याने नोंद करायची. प्रिंगलच्या कारकुनाने जे लिहायचे ते आता जमिनीचा धनी लिहितो. ही नोंद नसली तर नुकसानभरपाईच्या वेळी आणि हमीभावाच्या खरेदीला अडचण येते. मोबाईलला रेंज नाही, फोन साधा आहे, या तक्रारी खऱ्या आहेत. पण एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. हंगामाची मुदत संपण्याआधी ती करून घ्यावी, आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे तसा फोन नसेल तर शाळेतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला त्यांच्या बांधावर पाठवावे.