पानसुपारीचे लग्न

एकोणिसाव्या शतकातील मराठी घरात लग्न ठरले की, ज्यांचे लग्न असे त्या दोघांना सोडून बाकी सर्वांची धावपळ सुरू होई. आधी याद्या होत. हुंडा किती, करणी काय, मानाची पागोटी किती, विहिणीकडच्या मंडळींना लुगडी कोणत्या पोताची, हे सारे कागदावर उतरे आणि त्यावर दोन्हीकडची वडीलधारी माणसे सह्या करीत. मग देवक, हळद, सीमांतपूजन, रुखवत, विहिणीची पंगत, झाल, वरात. चार दिवसांचे लग्न म्हणतात ते हेच. नवरी आठ-दहा वर्षांची असे, नवरा तिच्याहून चार-सहा वर्षांनी मोठा. बोहल्यावर जे मंत्र म्हटले जात त्यांचा अर्थ त्या दोघांना कळत नसे. पुष्कळदा तो यजमानालाही कळत नसे. पाहुणे पांगले की मांडव उतरे. सावकाराचा रोखा मात्र घरात राही, आणि मुलगी न्हातीधुती होऊन सासरी नांदावयास येई तेव्हाही त्याचे व्याज चालूच असे.

ह्या पार्श्वभूमीवर १८७३ सालच्या डिसेंबरात पुण्यास झालेला एक विवाह पाहावा लागतो. जोतीराव फुले ह्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली ती २४ सप्टेंबर १८७३ रोजी. तीन महिने नुकतेच पुरे झाले होते तोच, २५ डिसेंबरला, समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. राधेची आई सावित्रीबाईंच्या परिचयातील, आणि हे लग्न जुळवून तडीस नेण्यात सावित्रीबाईंचा पुढाकार मोठा होता. भटजी नव्हते, हुंडा नव्हता, जेवणावळी नव्हत्या. खर्च झाला तो पानसुपारीचा, असे ह्या लग्नाविषयी आजवर सांगितले जाते. समाजाच्या सुरुवातीच्या अहवालात अशा विवाहांची नोंद आहे, आणि ती वाचताना जाणवते की, हे लग्न म्हणजे केवळ काटकसर नव्हती. काटकसर तर कंजूष माणूसही करतो.

खरा फरक बोहल्यावर होता. सत्यशोधक विधीत वधू आणि वर ह्यांनी स्वतः, मराठीत, एकमेकांस ऐकू जाईल अशा रीतीने बोलावयाचे होते. जोतीरावांनी त्यासाठी नवी मंगलाष्टके रचली. १८८७ साली ती पूजाविधीसह पुस्तकरूपाने निघाली. त्यांत वधू स्त्रियांच्या पारतंत्र्याचा प्रश्न वरापुढे मांडते आणि वर स्त्रियांच्या हक्कांसाठी झटण्याचे वचन देतो. नवऱ्या मुलीने भर मांडवात तोंड उघडावे, आणि तेही काही मागण्यासाठी, ही गोष्ट त्या काळच्या वऱ्हाडी मंडळींच्या कानांना कशी लागली असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. गंमत अशी की, ज्या वचनाला सर्वांत कमी खर्च येतो तेच देण्याला समाजाने सर्वांत अधिक विरोध केला.

विरोध नुसत्या शब्दांचा नव्हता. अशा लग्नांना जातीतील लोकांनी आडकाठी केली, वधूवरांच्या घरच्यांना वाळीत टाकण्याचे धाक घातले. पुढे प्रकरण कोर्टातही गेले. जुन्नर तालुक्यातील ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील ह्यांनी घरचे लग्न भटजीवाचून लावले. गावच्या वतनदार जोशांनी दावा लावला की, कार्य आमच्या हातून न झाले तरी आमची दक्षिणा बुडता कामा नये. वतन म्हटले की कामाचा आणि दामाचा संबंध किती सैल होतो, ह्याचा हा चांगला मासला आहे. वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १८९० च्या सुमारास निकाल पाटलांच्या बाजूने लागला. ज्याला भटजी नको त्याने भटजीवाचून लग्न लावावे आणि त्याबद्दल कोणास काही देणे लागू नये, हा साधा हक्क मिळविण्यास समाजाच्या स्थापनेपासून सोळा-सतरा वर्षे गेली.

लग्नखर्चाने कुणबी बुडाला, असे त्या काळी सरकारी अधिकारी आणि सुशिक्षित मंडळी दोघेही म्हणत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जरोखे जाळले, आणि दंगे आसपास पसरले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने ह्या समजुतीचीही तपासणी केली आणि निष्कर्ष काहीसा अनपेक्षित काढला: लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे; लग्न घरात क्वचित येते; बी-बियाणे, बैल, सारा आणि पोटाची भाकर ह्यांसाठी वरचेवर काढलेली लहान कर्जेच कुणब्याला अधिक बुडवितात. शेतकऱ्याला उधळ्या ठरवून सारावाढीवर पांघरूण घालणाऱ्यांना हे उत्तर योग्यच होते. तथापि आयोगाने हिशेब केला तो खातेदाराचा. लग्नाचे कर्ज थोडे असो वा फार, ते एकदम येते आणि नेमके नवा संसार उभा राहण्याच्या आधी येते. घरात नव्याने आलेल्या सुनेच्या वाट्याला त्यामुळे काय येई, हा रकाना आयोगाच्या वहीत नव्हता.

तो रकाना सावित्रीबाईंना ठाऊक होता असे दिसते. जोतीराव-सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत ह्याचे लग्न ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने झाले. वधू हडपसरच्या ग्यानोबा ससाणे ह्यांची मुलगी, तिचेही नाव राधा. लग्नापूर्वीच सावित्रीबाईंनी तिला आपल्या घरी आणून ठेवले, दोघांची ओळख व्हावी आणि तिचे शिक्षण चालू राहावे म्हणून, अशी हकीकत चरित्रांतून येते. सासर म्हणजे काय हे मुलीला वरातीच्या रात्री प्रथम कळावे, ह्या रीतीला हा सरळ छेद होता. मांडवाचा खर्च वाचविणारे पुढे पुष्कळ निघाले. नांदायला येणाऱ्या मुलीची धास्ती आधीच कमी करावी हे सुचणारे थोडे.

जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ साली लिहिला आणि त्यातील भाग बडोद्यास सयाजीराव महाराजांना वाचून दाखविला. तेथे हीच कामे पुढे वेगळ्या हातांनी झाली. पुण्यात जे लोकांनी आपल्या हिमतीवर केले ते बडोद्यात राज्याने हुकमाने करू पाहिले. १९०४ साली बडोदे सरकारने बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. मुलीचे वय बारा आणि मुलाचे सोळा ही किमान मर्यादा ठरली. ब्रिटिश हिंदुस्थानात सारडा कायदा आला तो १९२९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर. परंतु बडोद्याच्या मुलखातच ऊंझा हे गाव आहे. तेथील उमियामातेच्या स्थानावरून कडवा पाटीदारांच्या लग्नाचा मुहूर्त निघे, आणि तो नऊ-दहा वर्षांतून एकदाच येई. तो चुकला तर पुन्हा तितकीच वर्षे थांबणे आले. म्हणून पाळण्यातील मुलांचीही लग्ने त्या दिवशी उरकून घेत. अशा रूढीपुढे कायदा लंगडा पडला. दंड भरून लग्न लावणारी कुटुंबे पुष्कळ निघाली. हुंडा, मानपान, वाजंत्री ह्यांच्या जोडीला दंड ही खर्चाची आणखी एक बाब झाली, इतकेच.

१९१५ सालचा बडोद्याचा पुरोहित कायदा अधिक कल्पक म्हटला पाहिजे. पुरोहिताने परीक्षा देऊन परवाना घ्यावा आणि विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत सांगावा, असा त्याचा रोख. जोतीरावांनी पुरोहितच दूर केला. सयाजीरावांनी त्याला ठेवून परीक्षेस बसविले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९१३ मध्ये सत्यशोधक पुरोहितांसाठी शाळा निघाली होती, ती ह्या दोहोंच्या मधली वाट. तिन्ही ठिकाणी दुखणे एकच ओळखलेले दिसते: आपण कशाला ‘हो’ म्हणत आहोत हे लग्न करणाऱ्याला समजले पाहिजे.

गोव्याची वाट ह्या साऱ्यांहून निराळी, कारण ती लिस्बनहून आली. पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले आणि २५ डिसेंबर १९१० रोजी विवाहाचा नवा कायदा झाला. आल्हाटांच्या लग्नाचीच ही तारीख, हा निव्वळ योगायोग. पुढच्या वर्षी तो गोव्यास लागू झाला आणि लग्न ही प्रथम सरकारी दप्तरातील नोंद बनली. हिंदू वधूवरांनी सिव्हिल रजिस्ट्रारपुढे एकदा जाऊन लग्नाचा मनोदय लिहून द्यावयाचा, त्याची जाहीर नोटीस लागावयाची, हरकत न आल्यास पुन्हा जाऊन दुसरी सही करावयाची. कायद्याच्या दृष्टीने लग्न होते ते तेव्हा. शिवाय १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा वाटा निम्मा निम्मा राहतो. याद्यांवर वडीलधाऱ्यांच्या सह्या होत असत. येथे वधूची सही आवश्यक ठरली, आणि तिच्या सहीमागे अर्धा वाटा उभा राहिला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण १९६२ च्या कायद्याने ही व्यवस्था पुढे चालू राहिली.

उर्वरित भारतात १९५४ चा विशेष विवाह कायदा आला. त्यापूर्वीच्या १८७२ च्या कायद्याखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीस नोंदणी विवाह केला होता. नव्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि दोघांच्या सह्या एवढ्यावर लग्न होते. १९६१ मध्ये हुंडा घेणे-देणे गुन्हा ठरले. हुंड्याने तेव्हापासून आहेर, भेट, मुलीचे हौसेने केलेले अशी नावे घेतली.

जेवणावळीला मात्र कोणत्याच कायद्याने कायमचा हात लावला नाही. मे २०२० मध्ये महामारीमुळे लग्नास पन्नासांहून अधिक माणसे जमविण्यास मनाई झाली. कार्यालये रिकामी राहिली, घराच्या ओट्यावर आणि गच्चीवर अंतरपाट धरले गेले, आणि याद्यांतील शेकडो नावे एका रात्रीत खोडली गेली. बंदी उठल्यावर त्यांतील पुष्कळ घरांनी वर्षभराने राहिलेला स्वागतसमारंभ उरकून घेतला. कित्येक ठिकाणी त्या समारंभात नवदांपत्याचे तान्हे मूलही कडेवर होते.